माकडांची भावकी

प्रिय ताई,

तुझ्या पुस्तकाची प्रूफं आज संध्याकाळी परत द्यायची आहेत. त्यांत एक चूक सापडली. तुझी नाही, माझी. दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही, म्हणून तुलाच लिहिते.

दक्षिण अमेरिकेतली माकडं एकमेकांची कोण लागतात, हे तू जनुकांवरून शोधायचीस. ते जंगल तू कधी पाहिलं नाहीस. वाशीच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, आणि पडद्यावर चार अक्षरांच्या न संपणाऱ्या ओळी. गावाहून, जासईहून आलेले काका चष्मा लावून वाकले होते.

"यात माकर कुठं हाय?"

किती हसलीस तू! मग त्यांना रातमाकडाची गोष्ट सांगितलीस. मोठाल्या डोळ्यांचं, रात्री जागणारं. चेहरा आणि सवयी पाहून जुन्या जाणकारांनी त्याला टीटी नावाच्या माकडाशेजारी बसवलं होतं. दोघांतही बापच पिल्लू पाठीवर घेऊन फिरतो. जनुकं मात्र वेगळंच सांगत होती. रातमाकड इवल्याशा मार्मोसेटच्या जवळचं, टीटी लांबचं.

"मंजे भावकी दुसरीच निंगाली!" काका म्हणाले.

भावकी. एका मूळ माणसापासून फुटलेली सगळी घरं. तू तो शब्द लगेच वहीत टिपलास आणि पुस्तकभर वापरलास.

हस्तलिखित भाषा तपासायला माझ्याकडे आलं तेव्हा तू हॉस्पिटलात होतीस. मी कॉलेजात मराठी शिकवते. भावकी म्हटलं की मला बांधावरची भांडणं आठवतात. मी सगळीकडे खोडून 'सोयरे' केलं. मऊ शब्द वाटला. तुला विचारलं नाही. तू थकली होतीस, हे खरं. पण तू नाही म्हणशील, हेही मला ठाऊक होतं. महिन्याभरात तू गेलीस. इतकी घाई कशाला केलीस?

काल प्रूफं घेऊन जासईला गेले. काकांना त्यातलं रातमाकडाचं प्रकरण वाचून दाखवू लागले. तिसऱ्याच ओळीला त्यांनी हात वर केला.

"सोयरे? या माकरांनी एकमेकाला पोरी दिल्या का?"

"काका, नातेवाईक अशा अर्थानं..."

"मास्तरीन ना तू? लगीन लागल्याबिगर सोयरा कसा होईल? वरात कवा निंगाली यांची?"

ताई, मी तुझ्या सगळ्या माकडांची लग्नं लावून दिली होती! तू जन्माचं नातं शोधलंस, आणि मी ते एका मऊ शब्दानं पुसलं.

हसणं ओसरल्यावर मी त्यांना सांगितलं, जनुकांतला एक धागा फक्त आईकडून येतो. काका उठून घरची वंशावळ घेऊन आले. जमिनीच्या कागदांसाठी केलेली. नुसते पुरुष. तू नाहीस, मी नाही, आईसुद्धा नाही.

"मंग ही आर्धीच हाय," ते म्हणाले.

आणि बॉलपेननं बाबांच्या नावाखाली त्यांनी तुझं नाव लिहिलं. नुसतं 'सुनंदा'. बाजूला माझं. वर, बाबांच्या शेजारी, आईचं. त्याच्या वर स्वतःच्या आईचं. त्यांच्या आजीपाशी, म्हणजे आपल्या पणजीपाशी, पेन थांबलं.

"तिचं नाव काय व्हतं गं?"

मला काय ठाऊक! ती उलव्याहून आली म्हणून सगळे तिला उलव्याची म्हणायचे. तेवढंच. नातवालाही नाव माहीत नाही. तुझ्या माकडांबद्दल आपल्याला यापेक्षा जास्त माहिती आहे, नाही का?

आज संध्याकाळी 'भावकी' प्रत्येक पानावर आपल्या जागी परत बसलेली असेल. माझं एवढं शहाणपण माफ कर.

आणि रविवारी मी पणजीच्या माहेरची माणसं शोधायला निघते. विमानतळासाठी गाव उठलं आणि उलव्याची घरं पांगली. काही करंजाड्याला आहेत म्हणतात. दारोदार विचारीन. लोक हसतील, हसू देत. नाव घेतल्याशिवाय परत येणार नाही, ताई.

तुझी,
शुभा