भांड्यातलं ताजं पाणी

बाबा, काल मी माशांचं भांडं रिकामं केलं. वाळू अंगणात ओतली, हिरवी पात उपटून कुंपणापलीकडे टाकली, आणि काचेचं ते गोल भांडं धुऊन पालथं घातलं. तुम्हाला जाऊन चाळीसेक वर्षं झाली असतील. आता घरात बोलण्यासारखं कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. म्हणजे तुमची सून आहे, पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. पण तिला हे सांगून काय उपयोग? जे झालं ते तिच्या डोळ्यांदेखतच झालं.

मागच्या उन्हाळ्यात तिला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तुम्हाला तिचं बोलणं आठवत असेल. मी ओसरीवर शाळेतल्या कवितेची ओळ म्हणावी, आणि पुढची ओळ तिनं स्वयंपाकघरातून स्वतःच्या पदरची जोडून द्यावी. माझ्या ओळीत चंद्र असला की तिच्या ओळीत हमखास पिठाचा रिकामा डबा असायचा. तुम्हाला हसताहसता ठसका लागायचा. "पोरगी कवीहून हुशार हाये," म्हणायचात. ती गप्प झाल्यावर मी पलंगाशी बसून त्याच ओळी म्हणत राहिलो. ओळ संपली की थांबायचो. पंखा फिरत राहायचा. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, समोर काही हलतं-फिरतं ठेवा. टीव्ही लावला की ती डोळे मिटून घेई. मग खामगावला गेलो आणि हे भांडं घेऊन आलो.

दुकानदार पोरसवदा, पण बोलण्यात पक्का. "आजोबा, आंधी वाळू धुवा, पात लावा, पाणी भरा, अन् आठ दिस तसंच राहू द्या. मंग या मासे न्याले."

मी म्हटलं, "आजच दे ना बे."

"काऊन घाई करून राह्यले? पाणी शिळं होऊ द्या. नळाचं ताजं पाणी टाकसान तं मासे मरतीन, अन् तुमी परत याल. माहाच फायदा हाये त्यात."

मला हसू आलं. हा कोणाला शिकवतो आहे? माझं अर्धं बालपण तुमच्याबरोबर गावच्या पाण्याच्या फिल्टर हाऊसमध्ये गेलेलं. घरी आलो, वाळू सात पाण्यानं धुतली, पात एकेक करून रोवली, आणि आठ दिवस त्या रिकाम्या पाण्याकडे बघत बसलो. तेव्हा तुम्ही फार जवळ होता.

फिल्टर हाऊसच्या खिडकीत ती बरणी आहे. तळाशी नदीची वाळू, वाळूत तळ्यातली पात, आणि एक करडा मासा, ज्याला तुम्ही 'साहेब' म्हणता. टाकीत ब्लीचिंग मिसळलं की मगभर पाणी आधी बरणीत जातं, आणि साहेबांची तब्येत ठीक राहिली तरच तुम्ही ते मोठं लोखंडी चाक फिरवून गावाचं पाणी सोडता. घड्याळ आपल्याकडे नाही, म्हणून मोजमाप माझ्या कवितांचं. "म्हण दोन कविता," तुम्ही सांगता, "तवर तो वरते नाही आला तं पाणी चांगलं." मी बरणीपुढे हात बांधून उभा राहतो आणि म्हणू लागतो. एकदा विचारलं, "बाबा, ह्याले घरी नेऊ?" तुम्ही असे चिडलात की चाक सोडून माझ्याकडे आलात. "शोभेचा हाये का तो? ड्युटीवर हाये बे! आंधी तो पेते, मंग गाव पेते. अन् डोये मिटून काय म्हणतं? कविता तोंडानं म्हणाची, डोये माशावर ठेवाचे." तुमचा हात माझ्या मानेवर, आणि सदऱ्याला ब्लीचिंगचा तो वास. धुतला तरी न जाणारा. आईला तो सहन होत नसे. मला त्यात झोप लागायची.

नवव्या दिवशी दोन गप्पी मासे आणले. एकाची शेपटी नारिंगी. भांडं तिच्या उशाशी स्टुलावर ठेवलं. पहिले दोन दिवस काहीच नाही. मग तिची नजर नारिंगी शेपटीमागून फिरू लागली. आणि एका सकाळी तो मासा पातीआड पळाला तेव्हा ती म्हणाली, "पयाला."

बाबा, वर्षभरानंतरचा शब्द. पुण्याला मुलाला फोन लावून तो शब्द दोनदा ऐकवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "पयाला." तिसऱ्या दिवशीही. आणि मला हाव सुटली. एक शब्द आला, आता दुसरा यावा. पाण्यावर हिरवट झाक आली होती. वाटलं, काच लख्ख केली तर तिला स्वच्छ दिसेल, मग ती जास्त बोलेल.

आमच्याकडे हल्ली नळ बारा दिवसांनी येतो, तो त्या दिवशी आला. नळ आला की घरातलं साठवलेलं पाणी शिळं, ते ओतायचं आणि ताजं भरायचं, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. हंडा ओतला, बादल्या ओतल्या, त्याच झपाट्यात भांडंही. मासे वाटीत काढले, काच घासली, नळाचं पाणी भरलं, मासे सोडले, भांडं तिच्यासमोर नेऊन ठेवलं. एक क्षणही थांबलो नाही. उन्हाळ्यात ब्लीचिंग जास्त असतं, हे मला कोणी सांगायला हवं होतं का?

भांड्यातून वास वर आला. तुमचा. मी वाकून उभा राहिलो, डोळे आपोआप मिटले, आणि ओठांवर कविता आली. दोन कडवी झाली असतील. डोळे उघडले तेव्हा नारिंगी शेपटी आडवी तरंगत होती आणि दुसरा मासा वर तोंड काढून तडफडत होता. तोही गेला. तिनं हे सगळं पाहिलं होतं. तिच्या डोळ्यांतलं पाणी उशीवर उतरलं होतं आणि चांगला हात चादर चुरगाळत होता. मग ती हळूहळू भिंतीकडे वळली.

मी दुसरे मासे आणले. या वेळी पाणी आठ दिवस ठेवलं, पात नवी लावली. तिनं मान वळवली नाही. "पयाला" नाही की काही नाही. दीड महिना वाट पाहिली, मग मासे दुकानदाराला परत दिले. त्यानं थट्टा केली नाही. डॉक्टर म्हणाले, आता फारसं काही होणार नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मासे मरतातच." त्याला, डॉक्टरांना, येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी एकच सांगत आलो आहे, की मासे मेले आणि तिचं बोलणं थांबलं.

हे कुठे पाठवायचं नाही, पाकीट आणलेलंच नाही, म्हणून लिहितो. मी वाकून उभा होतो तेव्हा ती बोलली होती. "अहो," म्हणाली. जरा थांबून, मोठ्यानं, पुन्हा, "अहो." लग्न झाल्यापासून हाक मारते तशी. तेव्हा ती काही बोलली का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर मी म्हणालो, मला काही ऐकू आलं नाही.

मला ऐकू आलं होतं, बाबा. दोन्ही वेळा. तो वास अजून थोडा हवा होता.