ह्यांचा पुरावा

३ ऑक्टोबर
फांदी पडली! शेजारच्या झाडाची, थेट आमच्या मागच्या खोलीवर. कौलं फुटली, वर भोक — उशी सहज आत जाईल एवढं. कोणाला लागलं नाही, नशीब. ह्यांनी लगेच दाराला आडवी दोरी बांधली. आत कोणी काही हलवायचं नाही म्हणे, पुरावा आहे. जन्मभर कोर्टात कारकुनी केली ना. माणूस निवृत्त झाला, त्याच्यातला कारकून नाही.

४ ऑक्टोबर
विमा कंपनीला ह्यांनी फोन केला — ठेवणीतल्या कोर्टाच्या आवाजात. सर्व्हेअर यायला दहा-बारा दिवस लागतील.

६ ऑक्टोबर
भुरभुर पाऊस. बादली ठेवायला गेले तर दोरीपाशीच अडवलं. बादली म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ!

७ ऑक्टोबर
हे आंघोळीला गेल्यावर मीच कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी समजूतदार. म्हणाली, “काकू, फांदीनं झालेलं नुकसान आम्ही देऊ. पण भोक उघडं ठेवलंत आणि पाण्यानं आणखी खराब झालं, तर ते तुमच्याच अंगावर येईल.” आधी फोटो काढा, फुटकी कौलं जपून ठेवा, वर ताडपत्री टाका, पक्कं काम मात्र सर्व्हेअर पाहून गेल्यावर.
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तिनं लेखी दिलंय का? आणि वाटीएवढ्या भोकाला ताडपत्री कशाला?
वाटी! आमच्याकडे वाट्या उशीएवढ्या असतात हे मला आजच कळलं.

९ ऑक्टोबर
ओल भिंतीवरून विजेच्या बटणापर्यंत आलीय. आता चेष्टा सुचत नाही. हे घर बसलं तर दुसरं बांधायचं आमचं वय आहे का?

१० ऑक्टोबर
हे बँकेत गेले आणि मी छपराचं काम करणाऱ्याला बोलावलं. दोरी पाहून बिचारा दारातच थांबला. ओलांडू का, म्हणाला. म्हटलं, ओलांडा, न्यायाधीश बाहेर गेलेत.
सगळ्या बाजूंनी फोटो काढले. तुकडे पोत्यात भरले. ताडपत्री अशी घट्ट बांधून घेतली की वाऱ्याची काय बिशाद!
हे आले, वर बघितलं आणि गप्प. अबोला.

११ ऑक्टोबर
अबोला चालू. मी आमटीत मीठ विसरले तरी हे निमूट जेवले. घरात इतकी शांतता लग्नापासून नव्हती. दोन दिवस आणखी चालली तर बरंच.

१३ ऑक्टोबर
पहाटेपासून धो धो. खोली कोरडी ठणठणीत. हे आत जाऊन भिंत चाचपून आले. थोड्या वेळानं परत गेले. मग चहा मागितला. मी आल्याचा केला.

१६ ऑक्टोबर
सर्व्हेअर बाई आल्या. माप घेतलं, पोतं उघडून पाहिलं. वेळेवर झाकलंत म्हणून सोपं झालं म्हणाल्या, ताडपत्रीचा खर्चही मिळेल. हे ताठ बसून म्हणतात, “आम्ही खबरदारी ताबडतोब घेतली.”
आम्ही!
मग बाईंनी मोबाइल ह्यांच्यापुढे धरला, हा फोटो जोडू का म्हणून. ह्यांनी बराच वेळ निरखून पाहिला. “भोक अगदी स्पष्ट आलंय,” म्हणाले.
फोटो ताडपत्रीचा होता. निळाशार. बाई हसल्या. मीही हसले. ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं — हे हसत नव्हते.

१८ ऑक्टोबर
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. काचबिंदू. उजवा डोळा गेलाच आहे, डावा औषधानं राखता येईल. ह्यांना दीड वर्षापासून धूसर दिसत होतं. “वाढेल असं वाटलं नाही गं,” म्हणाले. रस्ता ओलांडताना ह्यांच्या उजव्या बाजूला गेले.