दलीलेची बाजू

सोमवार, ४ मार्च. सकाळी.
आजपासून रोज लिहायचं. म्युझियममध्ये बढती मिळाली, मुख्य गाइड झालो. शनिवारी सतराव्या शतकातल्या त्या चित्रावर माझं पहिलं व्याख्यान. इतकी वर्षं ते काका द्यायचे. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने गाइड. डोळे अधू होत चाललेत, हे त्यांनी फक्त मला, विश्वासाने सांगितलं होतं. मी फक्त आमच्या संचालक मॅडमना सांगितलं. संस्थेच्या हितासाठी.

मंगळवार, ५.
चित्रापुढे दोन तास. बायबलमधला महाबली शमशोन दलीलेच्या मांडीवर गाढ झोपलाय. ताकद केसांत, हे गुपित तिने गोड बोलून काढलं नि शत्रूला कळवलं. न्हावी कात्री चालवतोय, दारात शिपाई. पुढे ते त्याचे डोळे काढतात. माझा नवा अर्थ: दलीला दोषी नाही. कर्तव्यदक्ष आहे.

बुधवार, ६.
बायकोला अर्थ ऐकवला. तिने विचारलं, दलीलेलाही बढती मिळाली का? जेवलो नाही. (नंतर जेवलो.)

गुरुवार, ७.
दलीलेच्या गालावर पश्चात्तापाचा अश्रू सापडला! मोठा शोध. भिंगातून पाहिलं. रंगाला गेलेला तडा.

शुक्रवार, ८.
ठरलं. काकांना सगळं सांगून टाकायचं, पाय धरायचे. आजच फोन करणार होतो. पण अशा गोष्टी समोरासमोर बऱ्या.

शनिवार, ९. संध्याकाळी.
काका आले. पहिल्या रांगेत. दलीलेची बाजू मांडायला गेलो, ‘ती दोषी नाही’ एवढंच म्हणून पुढे सरकलो. एका आजींनी विचारलं, मग बिचाऱ्याला फसवलं कोणी? मी न्हाव्याकडे बोट दाखवलं.

नंतर काकांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, आवाज छान लागला. तुझ्याकडे आलं हे बरं झालं, परक्याकडे गेलं असतं तर जिवाला लागलं असतं. आता मला बसमध्ये बसवून दे.

स्टॉपपर्यंत मनात वाक्य जुळवत होतो. ‘काका, मीच’ इथवर आलं, तेवढ्यात बस आली. बसवलं. बस वळताना मागचा नंबर वाचला. भलतीच बस.

पाऊण तासाने फोन. काका म्हणाले, अरे, शेवटचा स्टॉप आला म्हणतात, पण हे आमच्याकडचं काही वाटत नाही.

मी म्हटलं, ड्रायव्हरने रस्ता बदलला असेल.

काका म्हणाले, तसंच असणार. तू बघून बसवलं होतंस.