तीन शाळांचं शून्य

नोव्हाय, मिशिगन

प्रिय अंतरा,

मुद्दाम मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुझ्या संस्थेच्या नेपरव्हिलच्या ऑफिसात कुणी डोकावलं तरी काही कळायचं नाही. तुला वाचायला वेळ लागेल, लागू दे. पण गुरुवारच्या मीटिंगआधी शेवटच्या ओळीपर्यंत ये.

मलावीतल्या त्या तीन शाळांचा अहवाल तू पाठवलास तेव्हाच मला पाणी मुरतंय असं वाटलं होतं. गेल्या वर्षी दहातल्या चार मुलांच्या पोटात अंकुशकृमी, आणि यंदा तिन्ही शाळांत शून्य? अगं, गोळ्यांनी जंत कमी होतात, पण गावच्या मातीतून असे रातोरात हद्दपार होत नाहीत. तिथून निमिषनेच पाठवलेल्या फोटोंत निम्मी मुलं अनवाणी आहेत. हा जंत मातीतून तळपायात शिरतो, मग यांनाच कसा सोडून गेला? तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली बाई आहे मी. माझ्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नाही.

संशय अर्थातच निमिषवर. तुझा सहकारी, दोन महिने तिथे राहून मुलांची तपासणी करून आलेला, आणि भारी गोड बोलणारा. देणगीदार खूश व्हावेत म्हणून त्याने आकडे धुऊन काढले, असं मी धरूनच चालले. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सगळ्यांसमोर तसं बोलूनही दाखवलं. तो ताट तसंच ठेवून उठला, आणि मी निर्लज्जासारखी आणखी एक पुरी वाढून घेतली.

मग त्याला पकडायचंच म्हणून तुझ्याकडून त्याच्या वह्यांची स्कॅन केलेली पानं मागवली. किचनच्या टेबलावर तीन दिवस आकड्यांतली खाडाखोड शोधत होते. एकही सापडली नाही. प्रत्येक मुलाच्या नावापुढे शौचाच्या नमुन्याची काच, म्हणजे स्लाइड, तयार केल्याची वेळ आणि वाचल्याची वेळ. तयार केलेली सकाळी अकराला, वाचलेली दुसऱ्या दिवशी नऊला. पानोपानी तेच. इतका उशीर का, म्हणून पुस्तक उघडलं. त्यात लिहिलंय की ग्लिसरीन लावलेल्या काचेवर अंकुशकृमीची अंडी तासाभरातच दिसेनाशी होऊ लागतात. दुसऱ्या दिवशी वाचली तर शून्यच येणार. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू, सापडला चोर!

मग आकड्यांच्या नादात ओलांडलेलं वहीचं पहिलं पान पाहिलं, त्यावर त्याने सूचनांचा कागद चिकटवलाय. चौथी सूचना: काच घाईने वाचू नये, सकाळी ताज्या डोळ्यांनी वाचावी. अक्षर माझं आहे, अंतरा. तू मागितला नव्हतास, तो निघताना मीच हौसेने लिहून दिला होता. आमच्या लॅबमध्ये हा जंत वर्षानुवर्षं दिसायचा नाही, पण मला सगळं येतं ना, मग पुस्तक कशाला उघडू? त्या शून्यावर तू सही केलीस की तीनशे दहा मुलांच्या गोळ्या बंद होतील. सही करू नकोस. त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे, मीटिंगमध्ये माझ्या नावासकट दाखव. आणि निमिषचा नंबर पाठव. चौथ्या सूचनेशेजारी त्याने पेन्सिलीने प्रश्न लिहिलाय, तासाभरात वाचायला नको का? मग तो खोडून खाली लिहिलंय, काकूंनी सांगितलंय म्हणजे बरोबरच असेल.

तुझीच, चुकलेली,
आई