मीनाची शिट्टी

११ जानेवारी, रविवार. शिरूर

दिलीपनं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, ‘आउटरवाले’. हा दिलीप सणसवाडीला आमच्याच कंपनीत डिस्पॅचला आहे. मूळचा दौंड रेल्वे कॉलनीतला, आणि ‘आउटर’ बँडचे स्पीकर उचलायला एकेकाळी सगळ्यात पुढं. संध्याकाळपर्यंत बरेच जण आले. सगळ्यांची पोटं सुटलेली, डीपीला पोरंबाळं. सगळ्यांचा एकच धोशा, आठवतंय का.

न आठवायला काय झालं. गणपतीत लोक ऑर्केस्ट्रा समजून खुर्च्या धरून बसायचे आणि विकी पहिल्याच गाण्याला असा ओरडायचा की म्हाताऱ्या कानाला पदर लावून उठायच्या. मागं अशोक ड्रम फोडत असायचा. कॅसेट नाही, सीडी नाही. पुण्याच्या बँडांचे फोटो पेपरात यायचे, आमचे मंडळाच्या पत्रिकेत ‘व इतर कार्यक्रम’. आउटर ऐकायचा तर समोर उभं राहूनच. बायका खुर्च्यांवर, पोरं स्टेजपाशी, आणि पोरांत दोन पोरी. मी आणि मीना.

आज भाजी करपली. यांनी दह्याशी खाल्लं.

१२ जाने., सोम.

शिरूरच्या शोची गोष्ट ग्रुपवर कुणीतरी भलतीच लिहिली. म्हणून मीच बसून नीट लिहिली.

‘गार्डाचा डबा’ चालू होतं. ‘शेवटचा डबा माझा, मागं कोण न्हाई’ या ओळीला अशोकच्या हातातली काडी उडाली ती थेट मंडळाच्या अध्यक्षांच्या मांडीवर. ड्रम बंद. विकी तोंड उघडं ठेवून उभा. सगळं मैदान चिडीचूप, आता हसं होणार एवढ्यात मीनानं दोन बोटं तोंडात घातली. लांब, सरळ शिट्टी, गाडी सुटायच्या वेळची. तिचे वडील रेल्वेत गार्ड होते. ती संपते न संपते तोच अशोकनं दुसरी काडी घेऊन असा ठोका धरला की अध्यक्षसुद्धा उठले.

त्यानंतर प्रत्येक शोला तिथं ड्रम मुद्दाम थांबायचा. विकी हात लांब करून आमच्याकडं दाखवायचा, मीना शिट्टी मारायची, मग ड्रम. दौंडला तर लोक त्या शिट्टीसाठीच थांबायचे. घरी गेल्यावर मीनाची आई तिला काय काय बोलायची ते लिहीत नाही.

ग्रुपवर हात जोडलेले, रडणारे, टाळ्यांचे, सगळे इमोजी पडले. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

१४ जाने., बुध. संक्रांत

मीनाचा व्हॉइस मेसेज. ती भांडगावला दिलेली, घरची शेवंती, झेंडू, वांगी. “सुरे, माझी आर्या म्हनती, आई तू आन् शिट्टी? कायबी फेकती. तुझ्या त्या मोबाइलमदी व्हतं न्हवं गं? पाठव की, ऐकवते हिला.”

आता मारून दाखवायची सोय नाही. दोन वर्षांमागं हायवेच्या सर्व्हिस रोडला स्कूटीवरून पडली, पुढचे दोन दात गेले. बसवलेत, दिसायला छान आहेत. पण शिट्टी येत नाही, नुसती हवा.

माझ्या पहिल्या मोबाइलवर दौंडचा अख्खा शो घेतला होता मी. तो मोबाइल कधीच मेला. त्यातलं मेमरी कार्ड मात्र हळदीकुंकवाच्या जुन्या कुयरीत होतं, सापडलं. यांच्या फोनला लागत नाही, दुकानातल्या पोराकडंही उघडेना. तो म्हणाला, “जुनं हाय ताई, जास्त खटपट केली तर हाय ते बी जाईल.” गुपचूप परत घेऊन आले.

१६ जाने., शुक्र.

विकीचा फोन. चक्क स्वतः. दिलीपला बसमध्ये कार्डाचं बोलले होते, त्यानंच सांगितलं असणार. पुण्यात त्याचा स्टुडिओ आहे, जाहिरातींना संगीत देतो. म्हणाला आउटर परत उभा करतोय, आणि आपल्या शोचं एकही रेकॉर्डिंग कुणाकडं नाही. “सुरेखा, ते कार्ड म्हणजे सोनं आहे गं. माझ्या स्टुडिओतला पोरगा काढेल त्यातून.”

नाव लक्षात होतं त्याच्या. एवढ्या वर्षांनी.

१८ जाने., रवि.

विकी शिरूरला आला. स्टँडजवळच्या हॉटेलात चहा. दाढी पांढरी, हसू तेच. हे पण होते बरोबर, त्यांनी कौतुकानं फोटो काढला. विकी म्हणाला, “तुम्ही समोर नसता तर आम्ही कधीच गाशा गुंडाळला असता.” मी कार्ड दिलं. प्लॅस्टिकच्या पुडीत घालून, वर चिकटपट्टी.

मी म्हटलं, मीनाची शिट्टी तेवढी आधी पाठव, तिच्या पोरीला ऐकवायचीय. तो म्हणाला, “वेडी का तू? पहिली तिलाच.”

मीनाला फोन केला. ती म्हणाली, “सासूबाईंना बी ऐकवीन मग. बसू दे दचकून.” दोघी खूप हसलो.

२७ जाने., मंगळ.

पहिली शिफ्ट. कंपनीच्या बसमध्ये दिलीप मागून ओरडला, आलं आलं. ‘गार्डाचा डबा, लाइव्ह, दौंड’, विकीनं नेटवर टाकलेलं. कानात घातलं.

विकीचा आवाज स्वच्छ. गिटार स्वच्छ. इतकं स्वच्छ की आम्हीच नाही. एक माणूस नाही मैदानावर. शेवटी कुठल्या तरी परदेशी स्टेडियमच्या टाळ्या चिकटवल्यात, समुद्रासारख्या घोंघावतात. दौंडला एवढी माणसं मावणार कुठं.

दुसऱ्या कडव्यानंतर ड्रम थांबला. आता शिट्टी. काही नाही. शांत. मग ड्रम.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. जागा तेवढी ठेवलीय, माणूस काढून घेतलाय.

शिफ्टभर हातातल्या कामात लक्ष नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, मॅडम, तबियत ठीक नहीं क्या. म्हटलं ठीक आहे.

२८ जाने., बुध.

नेटवर गाण्याखाली कुणीतरी लिहिलंय, त्या पॉजला अंगावर काटा आला, काय विचार केलाय. त्याखाली विकीचं उत्तर, “थँक्यू. ती शांतता मला तेव्हाच सुचली होती. गावाकडच्या पब्लिकला तेव्हा कळली नाही, पण मी सोडली नाही.”

हे वाक्य वहीत उतरवून घेतलं, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.

गावाकडचं पब्लिक. ज्यांनी पावसात तुझा ॲम्प्लिफायर स्वतःच्या अंगावरच्या शर्टांनी झाकला ते. ज्यांनी तुझ्यापायी घरच्या शिव्या खाल्ल्या ते. मला कळत नव्हतं? मला?

फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. म्हणाला, “अगं, नॉइज फार होता. पब्लिकचा भाग करप्ट निघाला, तिथलं काहीच वाचलं नाही. मला काय हौस आहे?” मग कार्ड परत दे म्हटलं. “स्टुडिओतल्या पोरानं कुठं ठेवलंय, बघतो.” आणि शेवटी, “मॅडम, मी मीटिंगमध्ये आहे.”

मॅडम.

मीनाला सांगायचं धाडस होईना. शेवटी फोन केला. तिनं ऐकलं होतंच. मग म्हणाली, “म्हंजी मी नॉइज व्हते व्हय गं?”

१ फेब्रु., रवि.

भांडगावला गेले. न्हावऱ्यावरून चौफुला, पुढं वडापची जीप. मीना शेवंतीच्या वाफ्यात होती, डोक्याला टॉवेल. चहा झाला, वांगी बांधून दिली, गाण्याचा विषय कुणीच काढेना.

आर्यानंच काढला. नववीत आहे, आईसारखीच आगाऊ. “मावशी, खरं सांगा. आई मारायची का शिट्टी?” मी म्हटलं, सगळ्या दौंडाला विचार. ती म्हणाली, “मंग गाण्यात का न्हाई?”

मीना तिथंच उठली. दोन बोटं तोंडात घातली, डोळे मिटून जोर लावला. फुस्स. पुन्हा. फुस्स. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, “काय चाललंय गं तुझं, दात हालतील.” आर्या हसली, मग मीनाही हसली. पदरानं बोटं पुसली आणि वाफ्यात गेली.

परत येताना वडापात रडले. शेजारच्या आजींनी पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं माहेराहून चाललेय.

५ फेब्रु., गुरु.

ग्रुपवर सगळं लिहिलं. काडी, शिट्टी, कार्ड, सगळं. विकीचं ते वाक्यही.

उत्तरं: ‘सोडून द्या ताई’. ‘आपला माणूस मोठा होतोय’. ‘जुनं काय उकरायचं’. हेच ते हात जोडणारे आणि रडणारे. तीन आठवड्यांपूर्वी यांना मीनाची शिट्टी कानात ऐकू येत होती.

दिलीपनं तर वैयक्तिक मेसेज केला. “सुरेखा, एका शिट्टीपायी बँड बदनाम नको करू. बावीस तारखेला दौंडला शो हाय, मीच बघतोय समदं.” म्हणजे असं आहे. स्पीकर उचलणाऱ्याला आता गळ्यात पट्टीवालं कार्ड मिळणार. विकीचं एक वेळ समजू शकते, तो तेव्हाही स्वतःच्याच आवाजात असायचा. पण दिलीप समोर उभा होता. आमच्या शेजारी, मीनाच्या डाव्या हाताला. त्यानं ऐकलं नाही?

कंपनीत त्याच्याशी बोलणं बंद. बसमध्ये जागा बदलली.

१३ फेब्रु., शुक्र.

शोचे फ्लेक्स लागलेत म्हणे दौंडात. कुणातरी भावी नगरसेवकाचा वाढदिवस. विकीचा फोटो मोठा, अशोकचा एवढासा कोपऱ्यात.

मी जाणार नाही. ठरलं.

१८ फेब्रु., बुध.

मीनाचा फोन. “सुरे, मी चाललीय रविवारी. आर्याला घिऊन.”

मी भडकले. म्हटलं, लाज वाटत नाही? त्याला टाळ्या वाजवायला जायचं? ती शांतपणे म्हणाली, “टाळ्या कशापायी? ड्रम जिथं थांबतो ती जागा दावते हिला. हितं तुझी आई व्हती म्हनून. तेवढं तर न्हाई ना काढून घेतलं त्यानं.”

रविवारची सुट्टी आहेच माझी.

२२ फेब्रु., रवि. दौंड (मोठ्या भावाच्या घरी, सगळे जेवताहेत)

आजच लिहिते. उद्या यात मीठमसाला पडेल.

केडगावला त्या दोघी भेटल्या, डेमू गाडीनं दौंडला उतरलो. मीनानं निळी साडी नेसलेली, चांगली, लग्नातली. ग्राउंडवर आमची जुनी जागा मिळाली, स्टेजच्या उजव्या अंगाला. तिथं आता एलईडीचा खांब आहे, त्याला टेकून उभ्या. दिलीप दिसला, गळ्यात पट्टी. त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं.

भावी नगरसेवकांचे सत्कार संपता संपेनात. मग एकदाचे आले. आणि मला इतका राग होता तरी पहिल्या ठोक्याला पाय हलला. अशोक अजून तसाच वाजवतो. विकीचा आवाज बसलाय, पण वर चढताना मान वाकडी करतो ती तशीच. मला आवडलं. मला आवडलं याचाच जास्त राग आला.

शेवटाकडं ‘गार्डाचा डबा’. मीनानं आर्याचा हात धरला. दुसरं कडवं. “मागं कोण न्हाई.” ड्रम थांबला.

आणि शिट्टी आली.

लांब, सरळ. दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून. मला आधी वाटलं, मीनानंच मारली. तिच्याकडं बघितलं तर तिचे दोन्ही हात पोरीच्या हातात. कीबोर्डवरचा नवा पोरगा बोट उचलत होता. एक बटण. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि विकीनं हात लांब करून दाखवलं, कीबोर्डकडं.

अशोकनं मात्र वर बघितलं. कीबोर्डकडं नाही. समोर, आमच्या जागेकडं. आम्ही दिसलो का त्याला, कुणास ठाऊक, उजेड त्याच्या डोळ्यांवर होता. ठोका अर्ध्या मात्रेनं उशिरा धरला, एवढं खरं.

करप्ट म्हणाला होता. काहीच वाचलं नाही म्हणाला होता. वाचलं होतं. बाकीची आम्ही सगळी माणसं खरवडून काढली आणि तेवढी एक शिट्टी कातरून ठेवली, बटणाखाली. नाव नाही, गाव नाही.

मी मीनाला म्हटलं, चल. स्टेजमागं जाऊ, चारचौघांत विचारते त्याला, कार्ड घेतल्याशिवाय हलायचं नाही. आर्या आईच्या तोंडाकडं बघत होती. “आई, ही तू हायेस?”

मीनानं हो म्हणून मान हलवली. डोळे भरलेले, आणि तोंडावर ते जुनं, आगाऊ हसू. पोरगी तिच्याकडं असं बघत राहिली, जसं मी तेव्हा बघायचे.

“चल ना,” मी म्हटलं. “निघून जाईल तो.”

लोक वन्स मोअर ओरडत होते. कीबोर्डवाल्या पोरानं हसून बोट वर केलं. मीनानं माझं मनगट घट्ट धरलं.

“थांब गं,” म्हणाली. “अजून एकदा वाजवंल.”