शेंगापोळी कुणाच्या ताटात गेली

सोलापूर

निलव्वा,

पहिल्यांदा आली ती टेंभुर्णीची मंडळी. त्यांचा चहा व्हायच्या आत तुमच्या अकलूजची दारात! एकाच पोरीला, आपल्या रुद्राणीला बघायला, एकाच रविवारी. (शरणार्थ गं. गुडघा कसा हाय? तेल चोळत जा, हयगय नको. मालकांनाबी शरणार्थ सांग.) तिचा बाप, आमचा बसलिंग म्हणतो, वार देताना माझीच चूक झाली. पोटच्या पोराच्या चुका मला वळखू येत्यात. ही त्याची न्हवं.

रुद्राणी कॉलेजात माकडांचं शिकती, तुला ठावं हाय. ती सांगत होती, नर नराशी भांडतो मादीपायी, अन् मादी मादीशी भांडती खाण्यापायी. वरचढ मादीचं पोट भरल्याबिगर खालचीला फळ मिळत न्हाय. मी म्हटलं, एवढ्यासाठी फी भरली व्हय? माझ्या सासूच्या हाताखाली राहिली असतीस तर फुकट कळलं असतं.

पण लई मजा आली बघ. टेंभुर्णीच्या नंदीशनं गाडीची किल्ली टीपॉयवर ठेवली, की अकलूजच्या सोमशेखरनं त्याच्यापुढं मोबाइल सरकवला. एकानं उसाचं टनेज सांगितलं, दुसरा बसल्या जागी छाती फुगवायला लागला. (पोरीकडं धड कुणी बघितलंच न्हाय, बघत होते एकमेकांकडं.) आया तर पंख्याखालच्या एकाच खुर्चीवर एकदम टेकल्या.

मग मी दोन्ही आयांना अन् संगट आलेल्या त्यांच्या थोरल्या सुनांना मुद्दाम शेंगापोळ्या कमी वाढल्या. माझा जीव एवढ्यातच अडकलाय की, आपल्या पोरीला त्या घरात गरम खायला मिळंल, का आपल्यासारखं सगळ्यांच्या मागनं भगुणं खरवडावं लागंल? टेंभुर्णीच्या बाईनं आपली संपवली अन् थोरल्या सुनंचीबी उचलली. "तिला गोड चालत न्हाय," म्हणं. सून नुसती पोळीकडं बघत राहिली. अकलूजच्या बाईनं मात्र आपल्यातली निम्मी मोडून सुनंला दिली, "खा गं आधी." सून एवढी दचकली, पोळी हातातनं पडायचीच! तितंच मला संशय आला. ज्याला रोज मिळतं ते माणूस दचकतं का?

तुझी थोरली,
शांतव्वा

ता.क. फोनवर बोलले असते, पण हितं सगळे कान लावून असत्यात. सोमशेखरचं घर तुमच्या मागल्या गल्लीत हाय. दुपारी साखर मागायच्या निमित्तानं जा अन् सून कवा जेवती, काय जेवती, बघून कळव.

आणखी ता.क. दोघांना एकच वार दिला तो रुद्राणीनं, बापाच्या फोनवरनं, एकमेकांपुढं कशी वागत्यात ते बघायला! मी रागं भरले, तर म्हणती, "आज्जी, पाहुण्यांच्या सुनांचं ऱ्हाऊ दे. आपल्या घरात माझ्या आईला पोळी मिळाली का?" मी उठून कपड्यांच्या घड्या घालायला गेले.

अकलूजवाले पुढल्या गुरुवारी परत येतो म्हणालेत. तवा पोळ्या आमच्या सुनंलाबी धरून करणार हाय.