नानांच्या गोळ्या

ज्योती सिस्टर यांना, एरंडोलहून कोकिळाचा नमस्कार.

तुम्ही दरवर्षी मे महिन्यात दवाखान्यातून फोन करून माझ्या सासऱ्यांची, नानांची, तब्येत लिहून घेता. एक प्रश्न ठरलेला असतो: छातीत दुखू लागल्यावर किती वेळात आणलं? मी सांगते, दोन तासांत.

ते खोटं आहे. करोनाचा पहिला उन्हाळा होता. नानांना सकाळी दुखायला लागलं, दरदरून घाम फुटला. दुसऱ्या दिवशी आमची केळी कापायची होती. नाना दवाखान्यात गेले म्हटल्यावर गावानं करोना समजून आमच्या गल्लीला बांबू बांधले असते आणि कापणीवाले शेतात आलेच नसते. मी म्हटलं, गॅस असेल. ओवा दिला. केळीची गाडी भरून गेली, मग त्यांना जळगावला तुमच्याकडे आणलं. तोवर तीस तास झाले होते.

आता ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना नाना मधल्या पायरीवर बसतात.

परवा तुम्ही म्हणालात, इतक्या लवकर आणलेल्या पेशंटचं हृदय सहसा एवढं कमजोर राहत नाही, आजोबा गोळ्या चुकवतात का? फोन स्पीकरवर होता. नानाच बोलले, "हाव ताई, मीच इसरी जास."

तुम्ही त्यांना रागावलात. ते मान हलवत ऐकत राहिले.

सिस्टर, गोळ्यांची डबी दर रविवारी मी भरते. पाच वर्षांत तिच्यात एकही गोळी उरलेली नाही.

पाकिटावर अजून पत्ता न लिहिलेली,
कोकिळा